पालथं चित्र

धुळे, सोमवार, जून १९३८

मुलींच्या शाळेत हुशार मुलीसाठी फुकट जागा एकच, आणि ती वकिलांच्या कुमुदला! निवडीच्या परीक्षेत मास्तरांनी चित्र टेबलावर पालथं ठेवलं होतं, तोवरच ती ओरडली, "आगबोट!" पालथं! महिनाभर त्याच मास्तरांची शिकवणी, दुसरं काय होणार?

एरंडोलच्या सखूने समुद्र कधी पाहिलेला नाही. चित्र निरखून म्हणाली, "पानीवर घर शे. धूर निंघी ऱ्हायना, म्हनजे कोनी तरी रांधी ऱ्हायनं." धूर निघतोय म्हणजे आत स्वयंपाक चाललाय, असा विचार करणारी पोर नापास!

मी हरकत घेतली. "अक्का, तुम्ही आता शाळेतून रिटायर झालात," मास्तर हसले.

झाले. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी आम्हाला छड्या मारल्या, पण उत्तर आधी कधी सांगितलं नाही.

सखूला आणि तिच्या बापाला आज माझ्या घरीच ठेवून घेतलंय. उद्या हेडबाईंसमोर नवं चित्र पालथं ठेवणार आणि मास्तरांना म्हणणार, ओळखा.