प्रोजेक्टरखालचं बायबल

१२ ऑक्टोबर, रविवार. अमडापूर.

डोकं अजून तापलेलंच आहे. आमच्या चर्चमध्ये नवा प्रोजेक्टर आलाय. गाणी भिंतीवर नीट दिसेनात, त्याला उंची हवी होती, तर पाळकांनी व्यासपीठावरचं मोठं बायबल उचलून त्याच्याखाली सारलं! माझे वडील ज्यातून वाचायचे, ते बायबल. टेकू म्हणून. उपासनाभर माझी नजर तिथेच.

संदेशात पाळक गरजले, "पवित्र शास्त्र सांगतं, जो स्वतःला मदत करतो त्यालाच देव मदत करतो!" सगळी मंडळी ओरडली, आमेन!

शास्त्रात हे आहे? कुठे? जो थकला, जो पडला, त्याच्यासाठीच प्रभू आला, असंच तर आयुष्यभर शिकलो ना आम्ही?

उपासना संपल्यावर विचारलंच. "पाळकसाहेब, कोण्या अध्यायात हाये हे?"

हसले. "ताई, भावना समजून घ्या ना. एवढं बारीक काऊन पाहून राह्यल्या? लोकायले हिंमत येते."

"मंग तुमच्या नावावर सांगा. देवाच्या नावावर काऊन खपवून राह्यले?"

मी प्रोजेक्टर बाजूला केला, बायबल ओढून काढलं, पदरानं पुसलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. "दाखवा." कुणीही पान उघडलं नाही. चहा आला, सगळे तिकडे वळले.

ढोंगी नुसते!

पण इथे तरी खरं लिहावं. त्या वाक्याला आमेन म्हणणाऱ्यांत मीही होते. सगळ्यांत मोठ्यानं.