आजींचं पॅकिंग

३ फेब्रुवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. आपणही मोठे होणारच, तेव्हा सुरुवातीचे दिवस कुठंतरी लिहून ठेवलेले बरे. नंतर लोक विचारतात.

आज ‘सोबत मंडळा’त नाव घातलं. गल्लीतलीच माणसं चालवतात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे रविवारी जायचं, त्यांना हिंडतं-फिरतं ठेवायचं, म्हणजे त्यांना स्वतःच्या घरात राहता येतं. मंडळाच्या प्रमुख एक रिटायर्ड नर्सबाई. आवाज असा, की पेशंट घाबरूनच बरे होत असणार. अनुभव काय, विचारलं. म्हटलं, गोडाऊनमध्ये पॅकर आहे, काचसामान, माझ्या हातून आजवर एक ग्लास फुटला नाही. एक फुटला होता, पण तो ड्रायव्हरनं आपटला. बहुतेक. त्या म्हणाल्या, इथं माणसं आहेत. म्हटलं, बाई, माणूस म्हणजे तरी काय, काचच.

वाक्य त्यांना लागलं असावं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं.

मंडळाचा नियम एकच. त्यांच्यासाठी करायचं नाही, त्यांच्याबरोबर करायचं. त्यांना वेळ लागला तर लागू दे, तू गप उभा राहा. असले नियम आळशी लोकांसाठी ठीक आहेत.

उद्यापासून पाचला उठणे. व्यायाम. इंग्रजी.

४ फेब्रुवारी

उठलो नाही. थंडी.

१० फेब्रुवारी, रविवार

माझ्या वाट्याला आलेल्या आजी. दुसरा मजला, लिफ्ट नाही. आजी ऐंशीच्या पुढच्या, पूर्वी बसमध्ये कंडक्टर. अजून तशाच बोलतात. दारात थांबलो तर म्हणाल्या, पुढं सरक, दारात गर्दी करू नकोस. मी एकटाच होतो.

बाहेर जायचं म्हणून स्वेटर घातला आणि बटणं लावायला बसल्या. एक बटण. मग विश्रांती. मग दुसरं. माझे हात शिवशिवायला लागले. शेवटी मीच पुढं होऊन खटाखट लावून टाकली. हातावर फटका बसला. प्रेमाचा असणार, पण लागला.

मग चहा. त्या ओट्याशी पोचायच्या आत मी गॅस पेटवलेला. माझ्या हातचा चहा त्यांनी एक घोट घेतला आणि उरलेला खिडकीतल्या कुंडीत ओतला. एकटं खायची-प्यायची सवय नाही बहुतेक. झाडालाही दिला.

मग खरी गोष्ट कळली. त्यांची लेक चोवीस तारखेला येणार आहे. आई एकटी राहू शकते का, ते बघणार. नाही वाटलं तर आईला स्वतःकडे नेणार, मागच्या खोलीत. आजी म्हणाल्या, त्या खोलीच्या खिडकीतून भिंत दिसते. इथल्या खिडकीतून बसस्टॉप दिसतो. दिवसभर बसून कुठली बस उशिरा आली त्यावर शिव्या घालता येतात. तिथं भिंतीला काय बोलणार?

मी म्हटलं, आजी, काळजी सोडा, मी आहे.

म्हणाल्या, तीच तर काळजी आहे.

विनोदी स्वभाव. केस हातात घेतली आहे. यश शंभर टक्के.

आईचा फोन. तिला सांगितलं, समाजकार्य सुरू केलंय. म्हणाली, घरी असताना पाण्याचा पेला हातात द्यावा लागायचा महाराजांना, आणि आता परक्या म्हातारीची सेवा? म्हटलं, ही सेवा नाही आई, मॅनेजमेंट आहे. म्हणाली, मग आधी आपल्या चादरीचं कर. ती न धुतलेली हे तिला इतक्या लांबून कसं कळतं?

१३ फेब्रुवारी, बुधवार

प्लॅन तयार. ज्या घरात लागण्यासारखं, पडण्यासारखं, भाजण्यासारखं काहीच नाही, ते घर बघून कुठली लेक नाही म्हणेल? आणि हे काम जगात कोणाला जमत असेल तर मला. नर्सबाईंना इंजेक्शन जमतं. पॅकिंग नाही.

मुकादमाकडे बबलरॅप मागितला. कशाला, विचारलं. म्हटलं, एक नाजूक आयटम आहे, पन्नासेक किलोचा. म्हणाला, मग डबल गुंडाळ.

१७ फेब्रुवारी, रविवार

जमलं! सकाळी नर्सबाई आजींना जिना उतरण्या-चढण्याच्या सरावाला घेऊन गेल्या. मी म्हटलं, तोवर केर काढतो. दार लोटलं आणि बाह्या सरसावल्या.

टेबलाचे चारी कोपरे फोममध्ये. खुर्च्यांचे पाय बबलरॅपमध्ये. गॅसच्या बटणांवर टेप, तीन पदरी. सुऱ्या, विळी, कात्री खोक्यात बंद. वरच्या फळीवरचे डबे काढून, थर्माकोल घालून, खाली रचले. पाण्याच्या माठावर चिठ्ठी, ‘पाणी’. मिठावर ‘मीठ, साखर नव्हे’. गॅसवर ‘हात लावू नका’. उंबऱ्यावर ‘थांबा, उंबरा’. स्टिकर उरले होते म्हणून आजींच्या आरामखुर्चीवर ‘ही बाजू वर’. इतकं सुबक काम मी कंपनीसाठीसुद्धा केलेलं नाही.

आजी आल्या. दारातच उभ्या. सगळीकडे नजर फिरवली. भरून आलं असणार. मग म्हणाल्या, मला कुठं पाठवतोयस रे?

सांगितलं, लेक खूष होईल. म्हणाल्या, मला चहा हवाय, हे सोड. सोडायला कटर हवा. कटर मी चुकून सुऱ्यांच्या खोक्यात पॅक केला होता. खोकं सोडायलाही कटर हवा. तर म्हटलं, लेक येईपर्यंत राहू दे. त्यांनी मला जे म्हटलं ते कंडक्टर लोक सुट्ट्या पैशांवरून म्हणतात. इथं लिहीत नाही.

नर्सबाई त्या वेळी खाली होत्या. वर आल्या असत्या तर शाबासकी मिळाली असती.

१८ फेब्रुवारी, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत नर्सबाईंचा फोन. लेक न सांगता आजच आली आहे, काम सुटल्यावर तडक ये. केस विंचरले. शर्ट बदलला. सत्काराला चार शब्द बोलावे लागतील म्हणून वाटेत पाठ केले.

बोलायची वेळ वेगळ्याच तऱ्हेने आली. लेक बबलरॅपवाल्या खुर्चीत बसली होती. हलली की फटफट वाजायचं. रडून डोळे लाल. नर्सबाईंना विचारत होती, आईला मीठ आणि साखर कळेनाशी कधीपासून झाली? गॅस बांधून ठेवण्याइतकं काय झालं? आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही कोणी?

आजी ओरडत होत्या की हे त्या गाढवाचं काम आहे. लेक म्हणाली, हो गं आई, हो, शांत हो. लहान मुलाला म्हणतात तसं.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं, होय, हे मी केलं. लेकीनं विचारलं, का करावं लागलं? आता इथं सरळ सांगता आलं असतं की काही झालं नव्हतं, मलाच हौस. पण तशानं काम हलकं दिसतं. मी म्हटलं, आजींची परिस्थिती बघून.

लेकीनं मान डोलावली. आजी खिडकीकडे तोंड करून बसल्या.

रविवारी टेंपो येणार. लेक तोवर इथंच राहणार. मी निघताना म्हणाली, पॅकर आहेस ना, मग उरलेलं तूच बांध. तुझं काम नीट आहे.

पहिल्यांदाच कोणीतरी कामाचं कौतुक केलं.

रात्री झोप नाही. डास.

२० फेब्रुवारी, बुधवार

डास. एकही दिसला नाही, पण असणार.

आईला सगळं सांगितलं. माझी बाजूही सांगितली. म्हणाली, उद्या मला असं बांधून ठेवायला आलास तर लाटण्यानं हाणीन. मग म्हणाली, जा आणि खरं सांग त्या पोरीला. म्हटलं, योग्य वेळ बघून सांगतो. घाईत कामं बिघडतात.

२३ फेब्रुवारी, शनिवार

योग्य वेळ आली नाही. त्या गल्लीतून चार वेळा गेलो. सहज.

२४ फेब्रुवारी, रविवार

टेप घेऊन गेलो. वाटेत पुन्हा चार शब्द पाठ. दार उघडलं तर घर मोकळं. फोम नाही, टेप नाही, एक चिठ्ठी नाही. डबे वरच्या फळीवर.

लेक टेबलाशी चहा पीत होती. म्हणाली, आठवडाभर आईचं हेच चाललंय. नखानं टेप सोलायची, थकली की खिडकीत बसून बसला शिव्या द्यायच्या, पुन्हा सोलायची. मदतीला गेलं की ओरडायची, मागं व्हा. थर्माकोलसुद्धा स्वतःच, थोडं थोडं, दोन मजले उतरून टाकून आली. मी जिन्यात उभी राहून बघत होते.

आजींनी मला समोर उभं केलं. विचारलं, तू आलास तेव्हा मला काय एक जमत नव्हतं, सांग हिला.

आठवून बघितलं. काही आठवेना. खोटंही सुचेना, हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच. म्हटलं, काही नाही. हळू करत होत्या, एवढंच. मला बघवत नव्हतं. मग लेकीकडे न बघता म्हटलं, परिस्थितीबिरिस्थिती काही नव्हती. मी फेकलं.

लेक मला मारेल असं वाटलं. तिनं टेंपोवाल्याला फोन लावला आणि येऊ नको म्हणून सांगितलं.

आजी इथंच राहणार. नर्सबाई रोज डोकावणार. मी यायचं की नाही, यावर बरीच चर्चा झाली, माझ्यासमोरच. शेवटी ठरलं, येऊ दे, पण दोन्ही हात खिशात.

एकूण बघता योजना यशस्वी. आठवडाभर सोलायचा व्यायाम, जिना, जिद्द, हे सगळं कोणामुळे झालं? पॅकिंग नसतं तर आजींनी काय सोललं असतं? नर्सबाईंना हे समजावलं. त्या म्हणाल्या, जा.

३ मार्च, रविवार

वेळेवर गेलो. आजी बूट घालून दारातच. मंडळाबरोबर बागेपर्यंत चालायला निघालेल्या. म्हटलं, मी येतो आधाराला. म्हणाल्या, तू तरणाताठा गडी, तुला कशाला आधार? इथं बस. नळ गळतोय, प्लंबर येईल, त्याला दार उघड. आणि कशालाही हात लावू नकोस.

कठडा धरून उतरल्या. एकेक पायरी. वरून बघत राहिलो. वळून पाहिलं नाही त्यांनी.

म्हणजे आख्खं घर माझ्यावर सोपवलं. एवढा विश्वास कोणावर टाकत असतील?

बसलो. हात खिशात. स्टॉपवर बस आली, गेली. आईला फोन लावला. उचलला नाही. गेली असेल कुठं.

प्लंबर आला. नळ खोलला, वॉशर बदलला. हात पुसत विचारलं, तू कोण इथला? जरा ताठ बसलो. म्हटलं, मी काळजी घेतो.

त्यानं आतल्या खोलीत डोकावून बघितलं. बाथरूममध्ये बघितलं. मग विचारलं, कोणाची?