नव्या जातीला द्यायचं राहिलेलं नाव

मॅडम, जे दिसतं तेवढंच काढायचं, हे तुम्ही मला शिकवलंत, त्याबद्दल तुमचे आभार मानू की तुम्हाला दोष देऊ? खरं सांगते, मला ठरवता येत नाही. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. भांडायला तरी कुठे येऊ?

अमरावतीच्या कॉलेजात झिंग्याची आकृती काढताना मी डाव्या बाजूचे पाय पाहून काढले आणि उजवे त्यावरूनच उतरवले. तुम्ही कागद फाडलात. "उजवी बाजू कोणी पाहिली? तू, की तुझ्या पेन्सिलनं?" सगळा वर्ग हसला. पण मी पुढे शिकावं म्हणून चांदूर बाजारला आमच्या मळ्यात आलात त्याही तुम्हीच. बाबा बांधावर उभे आहेत. तुम्ही म्हणता, "हिची बोटं बारीक कामाची आहेत." बाबा म्हणतात, "त्याच बोटाईनं थे मिरच्या तोडते, मॅडम. तुमी नेल्यावर कोन तोडीन?" तरी त्यांनी मला पाठवलं, आणि निघताना तुमच्या पिशवीत मेथीच्या जुड्या कोंबल्या. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली.

आता मी अकोल्यात पीएचडी करते. समुद्र इथून कुठल्या कुठे, पण कोकणातल्या खाडीच्या चिखलातले, झिंग्याच्या जातकुळीतले नखाएवढे जीव माझ्या टेबलावर स्पिरिटच्या बाटल्यांत असतात. त्यातल्या काही नरांचा पुढचा पंजा नोंदलेल्या कुठल्याच जातीशी जुळेना. मी सुईनं एकेक पाय, एकेक जबडा सुटा केला, चित्रं काढली. नवी जात! तिला तुमचं नाव द्यायचं असा हट्टच मी धरला. मग जनुकांचा अहवाल आला. जीव जुन्याच जातीचा. कोवळ्या नरांचा पंजा तसा असतो, वाढता वाढता बदलतो, एवढंच.

गाईड सर म्हणाले, "जनुकाचं राहू दे. नुसत्या पंजावर पेपर निघते. तुले पीएचडी पायजे का नाई?" फोनवर बाबा हसले, "एवढी शिकली, अन् एक झिंगा सापडला, तोबी जुनाच?" मला हसू आलं नाही. सरांनी माझ्याच चित्रांवर पेपर लिहून काढला, तुमच्या नावासकट. जी जात नाहीच, तिला तुमचं नाव चिकटणार होतं, आणि ते सुचवलेलं मीच. माझ्यासोबतच्या मुली म्हणाल्या, "मुकाट सही कर ना बाई, कोन पाहून राहिलं?" त्यांना तुम्ही शिकवलेलं नाही. त्या सुखात आहेत.

काल मला वाटून गेलं, तुम्ही त्या दिवशी मळ्यात आलाच नसता तर बरं झालं असतं. तुमच्या तोंडावर हे मला कधीच बोलता आलं नसतं. म्हणून हे पत्र, आणि पाठवायला पत्ता नाही तेच बरं. सर मला आता ठेवणार नाहीत. आज सकाळी, त्यांना न विचारता, त्या नरांच्या जनुकांची सगळी माहिती मी इंटरनेटवर, जगात कोणालाही उघडून पाहता येईल अशा संग्रहात जमा केली, जुन्याच जातीच्या नावानं.