नाव लावायला काय जातं

११ नोव्हेंबर, सोमवार

पोचलो एकदाचे गोंदियाला! पुण्याहून निघालेली गाडी इथेच संपते, त्यामुळे स्टेशन चुकायची भीती नव्हती. तरी बापू नागपूरपासून टक्क जागे. जन्मभर एसटी चालवलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हातातली गाडी सोसत नाही. ब्रेक लागला की ते सीटवर बसल्या बसल्या पाय दाबत होते.

नवी वही, नवं गाव, तेव्हा आधी रुग्णाची माहिती लिहून टाकते. डॉ. वैजयंती होनराव, वय त्रेचाळीस, मूळ गाव उदगीर. एम.बी.बी.एस. अंबाजोगाईला, एम.डी. मेडिसिन औरंगाबादला, मग चौदा वर्षं पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात. लग्न एकदा झालं होतं, तेही ड्युटीच्या वेळापत्रकात बसलं नाही. सोबत: वडील, बापू. मुख्य तक्रार: दमणूक.

हॉस्पिटल बरं आहे. तळमजल्यावर माझी ओपीडी आणि वरच्या मजल्यावर आमचं घर, मध्ये फक्त एक जिना. हेमेंद्र बिसेन नावाचे मॅनेजर स्टेशनवर घ्यायला आले होते. ते एका वाक्यात मराठी, हिंदी आणि पोवारी बोलतात आणि तिन्ही भाषांत हसतात. हवेत राइस मिलच्या कोंड्याचा वास आहे. बापूंना तो आवडला.

बापूंनी लातूरहून माझ्या नावाची पितळी पाटी करून आणली होती, मला न सांगता. सामान सोडायच्या आधी हातोडी शोधून ती दारावर ठोकली. म्हणाले, वैजू, नाव लागलं की घर झालं. मी त्यांना शब्द दिलाय, इथे संध्याकाळी मी तुमची, रोज रमीचा डाव. मी पुण्यात असताना आई गेली, तेव्हापासून त्यांच्याशी पत्ते खेळायला कोणी नाही. नुसता शब्द नाही, त्याचसाठी आले आहे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज अर्जुनी मोरगावला पहिली फेरी. ठरलंय असं: दर बुधवारी आमगाव, दर शनिवारी अर्जुनी, बाकी दिवस गोंदिया. अर्जुनीत एका मेडिकल स्टोअरमागची खोली मिळाली आहे, टेबल, खुर्ची आणि पडदा. बिसेनांनी दोन दिवस आधीच भोंगा लावलेली ऑटो गावोगाव फिरवली होती. इथे डॉक्टरच्या आधी डॉक्टरचं नाव पोचतं.

गर्दी दारापर्यंत. लक्षात राहिले ते केवळराम. तलावाखाली त्यांचं धानाचं शेत. पायांवर सूज, दोन पावलं टाकली की धाप. हृदय थकलंय. बायको धुरपताबाई सोबत होत्या. मी सूज बोटाने दाबून पाहिली तर त्या म्हणाल्या, दाबलेला खड्डा भरतच नाही, धानाच्या बांधीतल्या चिखलासारखा. मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं. गोळ्या लिहून दिल्या.

घरी आले तेव्हा बापूंनी पत्ते पिसून ठेवले होते. मी एक डाव हरले आणि झोपले.

३ डिसेंबर, मंगळवार

दमले. इथे मेडिसिनचे डॉक्टर मोजकेच, त्यामुळे साप चावल्यापासून सासूने छळल्यापर्यंत सगळं माझ्याकडे येतं. एकीकडे पेशंट बोलत असतो आणि दुसरीकडे मी लिहीत असते. मान वर करायची फुरसत नाही. बापू जिन्यातून हाक मारतात, वैजू, जेवलीस का. मी म्हणते, नंतर. रमी राहिली बाजूला.

दुपारी बिसेन आणखी गावं घेऊन आले. सालेकसा, केशोरी, नवेगावबांध. मी सांगितलं, मेले तरी जमणार नाही. ते म्हणाले, जायचं नाहीच मॅडम, नुसता बोर्ड लावायचा, नाव आणि वार. लोक बोर्ड वाचतात आणि पुढे गोंदियाला येतात. इथे सगळेच लावतात. नाम से ही पेशंट आता है.

मला त्यांना खोलीबाहेर काढायचं होतं, दुसरं काही नाही. म्हटलं, लावा, नाव लावायला काय जातं.

आमच्या ओपीडीतल्या मंदाबाई चहाचे कप उचलत होत्या. त्यांना काही हे आवडलं नाही. "पाट मांडून ठेवला त कोनी ना कोनी येऊन बसतेच, बाई," म्हणाल्या. "मंग त्याले उठवता येत नाही." मी हसले. पुढचा पेशंट आत आलाच होता.

२१ डिसेंबर, शनिवार

अर्जुनी. केवळराम चालत आले, चक्क! सूज उतरलेली, चेहऱ्यावर रंग. मी माझीच पाठ थोपटणार, तेवढ्यात ते म्हणाले की मंगळवारी केशोरीला तुम्ही गोळी अर्धी केली, तेव्हापासून बरं आहे. मी केशोरी अजून पाहिलेलीसुद्धा नाही. तसं सांगितलं, तर नवराबायको एकमेकांकडे पाहायला लागले. "कायले खोटं सांगू बाई," धुरपताबाई नवऱ्याकडे हात करून म्हणाल्या. "तुमीच त यायच्या पाठीवर हात ठेवून इचारलं, जेवलात का म्हणून."

म्हणजे कोणीतरी बोगस बाई माझ्या नावावर दुकान मांडून बसली आहे. डोकं फिरलं. गाडीत बसल्यावर मात्र एक गोष्ट खुपत राहिली. गोळी अर्धी करणं बरोबरच होतं. मीही आज तेच करणार होते.

८ जानेवारी, बुधवार

आमगावला न उतरता तशीच सालेकशाला गेले. चोराला रंगेहाथ पकडायचं होतं. भर दुपार होती, लख्ख ऊन.

बोर्ड माझाच. खाली बाकावर माणसं. औषधाच्या दुकानाचे मालक ईश्वरदास मला पाहून उठले आणि जरा चकित झाले. म्हणाले, मॅडम, तुम्ही तर आत होता, बाहेर कधी गेलात. मी पडदा सारून आत शिरले. आत कोणी नाही. खोलीला दुसरं दार नाही, खिडकीला गज. टेबलावर गोळीचं पाकीट उघडं पडलेलं. खुर्चीवर हात ठेवला, तर ती ऊबदार होती, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी.

समोर एक म्हातारी पदर सावरत बसली होती. मी विचारलं, इथे कोण होतं. तिला माझा रागच आला. "आत्ता त पाहून राहिल्या होत्या मले. आता काऊन इचारता?"

परत येताना गाडीत वाटलं, आपलंच डोकं चालत नसेल. साखर कमी झाली असेल. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

१८ जानेवारी, शनिवार

आज उठवेना. अर्जुनीला गेले नाही, कोणाला कळवलंही नाही. ठरवलं की दिवसभर बापूंजवळ बसायचं. डोळा लागला तो संध्याकाळीच उघडला. बापू पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसले होते, मांडीवर पत्ते. उठवलं का नाही विचारलं, तर म्हणाले, ड्रायव्हरला झोपू द्यावं.

मग बिसेनांचा फोन आला, खूश. आज अर्जुनीत मॅडमने कमाल केली म्हणे, शेवटच्या पेशंटपर्यंत बसल्या, कोणावर खेकसल्या नाहीत.

खरं तर इथे भीती वाटायला हवी होती. वाटली, पण नंतर. आधी वाटलं ते हायसं. आपलं काम कोणीतरी करतंय, बरं करतंय, आणि आपण पडून आहोत. इतक्या वर्षांत असं सुख नाही.

२५ जानेवारी, शनिवार

केवळरामना पुन्हा धाप लागली म्हणून धुरपताबाई त्यांना थेट गोंदियाला घेऊन आल्या. मी तपासलं, ऑक्सिजन लावला, सगळं केलं. बाहेर त्या बिसेनांना सांगत होत्या ते पडद्याआडून ऐकू आलं. त्यांना दुसऱ्या बाई हव्या होत्या, केशोरीच्या. "ह्या बाई पाहत नाही जी, लिहूनच राहतेत."

वाईट वाटलं. फार. रोज मरे त्याला कोण रडे, मान्य. पण त्यांना वाचवलं मी, आणि मीच परकी.

बोर्ड काढायचे. सगळे.

३० जानेवारी, गुरुवार

काढले. रजा टाकून, गाडी करून, गावोगाव स्वतः उभी राहून उतरवून घेतले. केशोरी, नवेगावबांध, सालेकसा. अर्जुनी आणि आमगावचेसुद्धा. बिसेनांनी तोंड पाडलं, पाडू देत. आता माझं नाव दोनच ठिकाणी आहे. खाली हॉस्पिटलवर आणि वर घराच्या दारावर.

मंदाबाईंना सांगितलं, उचलले पाट. त्यांनी मान हलवली. विचारलं, जे बसलं होतं ते कुठं गेलं मग?

बापूंशी आज डाव मांडणारच होते. खाली हार्ट अटॅक आला. उद्या.

४ फेब्रुवारी, मंगळवार

गावांतून तक्रार नाही, निरोप नाही. शांत. सगळी गर्दी इथेच लोटली आहे, सकाळी खुर्चीत बसते ती अंधार पडल्यावर उठते.

बापू मात्र खुशीत आहेत. जिन्यातून हाक मारत नाहीत हल्ली. आज मी घरी आले तेव्हा गुणगुणत होते. मी ताट वाढून घेतलं तर हसले. म्हणाले, वैजू, दोनदा जेवतेस होय.

मी विचारलं, मी कधी जेवले.

म्हणाले, दुपारी, माझ्यासोबत, आणि नंतर चार डाव हरलीस की. आईच्या गोष्टी काढून रडलीसुद्धा. बरं झालं बाई इकडे आलो.

दुपारी मी खाली होते. दुपारभर मी खाली होते.

५ फेब्रुवारी

खालची खुर्ची मी भरून ठेवली आणि वरची—

गावांतले पाट मीच उचलले. तिला दुसरीकडे कुठे जायला जागाच ठेवली नाही. दारावरची पाटी बापूंनी ठोकली आहे, खिळे खोल गेलेत. पक्कड घेऊन गेले तर बापू पाटीसमोर उभे राहिले. वेडी झालीस का, म्हणाले. हात धरला माझा. त्यांचे डोळे— मला घाबरले होते ते. मला.

सांगून टाकलं सगळं. ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, तू थोडी झोप. आणि आत पाहिलं. माझ्याकडे नाही, आत.

६ फेब्रुवारी

आज खाली जायचं नाही. हललेच नाही तर ती बसणार कुठे. बापूंच्या समोर बसून राहिले, पत्ते वाटले. त्यांना जरा बरं वाटलं असावं.

मग मंदाबाई पळत वर. केवळरामना परत आणलंय, श्वास अडकला, धुरपताबाई ओरडताहेत.

कशी नाही जाणार? मी डॉक्टर आहे. बापूंना म्हटलं, आलेच, पत्ते खाली ठेवू नका. धावले—

केवळराम वाचले. जिना चढताना वरून पत्ते पिसल्याचा आवाज येत होता.

दार लावलेलं. मी वाजवलं. बापूंनी उघडलं, अर्धंच. अनोळखी पेशंट जिना चढून आला की पाहतात तसं पाहिलं. मृदूपणे म्हणाले, मॅडम जेवतायत हो. पाच वाजता खाली बसतील, तुम्ही नंबर लावा.

बापू, मी. बापू, मी वैजू—

त्यांच्यामागे कोणीतरी हसलं. माझं हसू. फक्त दमलेलं नव्हतं.

दार लागलं. पाटीवर माझं नाव.

नंतर

खाली बाकावर बसले आहे. पर्समध्ये वही होती.

मंदाबाई केसपेपर घेऊन आल्या. नाव काय, गाव कोणतं. मी उठून उभी राहिले. त्या म्हणाल्या, "बसा जी, घाबरू नका. बाई लय चांगल्या आहेत आमच्या."

शेजारी धुरपताबाई. त्यांनी पदराने माझा चेहरा पुसला. ओळखलं नाही.

जिन्यात पावलं. बापू वरून हाक मारतायत, वैजू, लवकर ये, डाव अर्धा राहिलाय. ती हो म्हणाली. ती जाईलही. मी कधी—

आली. खुर्चीत बसली नाही. सरळ माझ्याकडे. पाठीवर हात ठेवला. ऊबदार आहे हात. आधी विचारलं, जेवलात का.

सांगायला हवं. आत्ताच, सगळ्यांसमोर, ओरडून, की वैजयंती होनराव मी आहे, वर बसलेले माझे वडील आहेत. ती वाकून विचारते आहे, काय त्रास होतो. थांबली आहे. कोणी इतकं थांबलंच नव्हतं. आणि माझ्या तोंडातून नाव निघतच नाही, एवढंच निघतं, दमले हो मॅडम, फार दम