शिशाचा बिंदू

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११.
आज निकाल उघडला. तीन वर्षं तो आम्ही कम्प्युटरमध्ये मुद्दाम झाकून ठेवला होता. का, तर मनाला हवं ते उत्तर कोणी काढू नये. नियम माझाच. कार्बन ठीक. लोखंड ठीक. शिसं चुकीचं.
म्हणजे कुठेतरी चूक आहे. शुक्रवारपर्यंत सापडेल. शनिवारी बरोबर प्लॉट, म्हणजे आलेख, घेऊन पंडितकडे जाणार. ठरलं.

२ फेब्रुवारी. दुपारी ३.
लिहून ठेवतो, डोकं जागेवर राहील. इलेक्ट्रॉनचा झोत अणूच्या गाभ्यावर मारला की आतला एखादा क्वार्क सुसाट सुटतो. क्वार्क फार काळ उघडा राहत नाही. भोवती जोडीदार जमवतो, त्याचा पायॉन होतो, आणि आमच्या डिटेक्टरला दिसतो तो पायॉन. प्रश्न एवढाच, की हा पायॉन गाभ्याच्या आतच तयार होतो, की क्वार्क धक्के खात, ऊर्जा गमावत आरपार जातो आणि बाहेर पडल्यावर? मी म्हणतो आत. पंडित म्हणतो बाहेर. एकोणीस वर्षं.
तो बरोबर असेल तर गाभा जितका मोठा तितके धक्के जास्त, आणि कार्बन, लोखंड, शिसं हे तीन बिंदू एका सरळ रेषेत. मी बरोबर असेन तर धक्के मधेच थांबतात आणि शिसं रेषेच्या खाली येतं.
शिसं रेषेवर आहे. किंचित खाली, पण रेषेवरच. चूकच.

३ फेब्रुवारी, मंगळवार.
पंडितला फोन केला. तो थिअरीवाला, म्हणून मी त्याला पंडित म्हणतो. मी प्रत्येक आकड्यावर संशय घेतो, म्हणून तो मला हवालदार म्हणतो. तिसरी केमो झाली. आवाज खणखणीत. दीड महिन्यात कॅन्टीनमध्ये येऊन भांडेल, मला खात्री आहे.
निकाल उघडला का, त्याने विचारलं. म्हटलं, तपास चालू आहे. अर्धवट प्लॉट दाखवून आजारी माणसाला उगाच आशा लावणं बरं नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार.
संशय शिशाच्या पत्र्यावर, ज्यावर झोत मारला त्या. जाडी चुकीची नोंदली असणार. वर्कशॉपमध्ये गेलो. मिस्त्रींनी कपाटातून पत्रा काढला, मायक्रोमीटर लावला, वहीतलं जुनं पान काढलं आणि दोन्ही माझ्यापुढे ठेवलं. जाडी तीच, केसाइतकाही फरक नाही. म्हणाले, साहेब, शिसं काय जाड-बारीक होतंय का, माणसं होतात. त्यांचा रोख माझ्या पोटाकडे होता, असं वाटतं.
नवा संकल्प: उद्यापासून चालायला जाणार.

७ फेब्रुवारी, शनिवार.
पंडितकडे गेलो नाही. घसा खवखवतोय. केमोच्या पेशंटला इन्फेक्शन म्हणजे केवढा धोका. दुपारी घसा बरा झाला, पण मग उशीर झाला होता.
चालायलाही गेलो नाही. घशामुळेच.

११ फेब्रुवारी, बुधवार.
ही डबा घेऊन पंडितकडे जाऊन आली. एकटीच. म्हणाली, त्यांनी दोन घास खाल्ले आणि तीनदा तुमची चौकशी केली. मी विचारलं, चौकशी म्हणजे नेमकी काय. म्हणाली, तुम्ही येणार आहात का, ही. हिला विश्लेषणाचा ताण काय असतो ते कळत नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार.
आमची पोस्टडॉक, पीएचडीनंतर आमच्याकडे संशोधन करणारी, सकाळीच दारात उभी. मुलगी हुशार आहे, पंडितच्या वर्गात शिकलेली, बोलते कमी. तिने सगळा हिशेब स्वतःच्या वेगळ्या प्रोग्रॅमने परत केला. शिसं रेषेवर.
मी म्हटलं, दोन्ही प्रोग्रॅममध्ये तीच चूक असू शकते. तिने विचारलं, कोणती, सर? म्हटलं, तेच तर शोधायचंय. मग म्हणाली, सर, हा प्लॉट पंडित सरांना दाखवायचा ना? बजावलं, अजिबात नाही. पक्कं झाल्याशिवाय कागद या खोलीबाहेर जाणार नाही. ती ‘बरं’ म्हणाली नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. असो. शिस्त पाहिजे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी.
पंडितचा स्वतःहून फोन. धाप लागत होती. जिने चढला असेल. (ते तळमजल्यावर राहतात. मग दुसरं काहीतरी.)
म्हणाला, काय हवालदार, शिसं काय म्हणतंय?
म्हटलं, अजून कोठडीत आहे. कबूल करत नाहीये.
तो हसला, मग खोकला. मग म्हणाला, मला काही सांगायचंय का तुला?
म्हटलं, सांगण्यासारखं झालं की पहिला तुलाच सांगेन. घाई नाही ना?
म्हणाला, तुला नाही.
मी त्याला झोताच्या जागेबद्दल सांगत बसलो. झोत मिलिमीटरभर जरी सरकला असेल तरी शिसं खाली येऊ शकतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, येऊन जा.
नक्की. शनिवारी.

२१ फेब्रुवारी, शनिवार.
गेलो. निदान निघालो तरी. द्राक्षं घेतली. त्याच्या फाटकापर्यंत पोचलो, कडीला हात लावला आणि नेमकं तेव्हाच सुचलं, की पायॉन ओळखण्यात गफलत असेल. पायॉन समजून आपण भलतंच काही मोजलं असेल. असं सुचलेलं निसटतं, म्हणून तसाच ऑफिसला परतलो.
द्राक्षं टेबलावर खाल्ली. गोड निघाली. त्याच्यासाठी पुन्हा घेता येतील.

२४ फेब्रुवारी, मंगळवार.
गफलत होती. खरंच होती. दुरुस्त केली. बिंदू हलला.
वर गेला. आता रेषेवर आणखी चपखल बसलाय.

२८ फेब्रुवारी, शनिवार.
पंडितला हॉस्पिटलमध्ये नेऊन परत आणलं. डॉक्टर म्हणाले, घरीच बरं. ही चांगली बातमी आहे. हॉस्पिटलला वाटलं असतं तर ठेवून घेतलं असतं. हे मी हिला सांगितलं. ही डबा भरायला लागली.
हिने विचारलं, काही निरोप? म्हटलं, सांग, आठवड्याभरात निकाल घेऊन येतो. म्हणाली, निकाल घरी ठेवा आणि तुम्ही या. म्हटलं, रिकाम्या हाताने कसा जाऊ.

३ मार्च, मंगळवार.
मार्ग सापडला. शिशाच्या बिंदूची अनिश्चितता वाढवून दाखवायची, म्हणजे बिंदूच्या वर-खाली इतकी लांब दांडी काढायची, की तो पंडितच्या रेषेवरही बसेल आणि माझ्याही. दोघेही बरोबर. त्यालाही बरं वाटेल.
पोस्टडॉकला दाखवलं. ती म्हणाली, सर, एवढी दांडी कुठून आली? म्हटलं, अनुभवातून. ती म्हणाली, सर, सरांना हा नका दाखवू. ते चिडणार नाहीत. ते काहीच बोलणार नाहीत.
तो प्लॉट फाडला.

४ मार्च, बुधवार. दुपारी १.
समजा. नुसतं समजा, की शिसं खरं बोलतंय.
मग एक क्वार्क सुटतो आणि शिशाच्या गाभ्यात घुसतो. दोनशेच्या वर प्रोटॉन-न्यूट्रॉन दाटीवाटीने भरलेले. त्यातून तो जातो. दर पावलाला धक्का, दर धक्क्याला थोडा तिरका. ऊर्जा सांडत. पण थांबत नाही आणि वेषही बदलत नाही. पलीकडे पोचेपर्यंत क्वार्कच राहतो. हे पंडितने एकोणीस वर्षांपूर्वी कॅन्टीनच्या ट्रेवर काढून दाखवलं होतं, पेपर नॅपकिनसुद्धा न घेता, सांडलेल्या चहात बोटाने. मी ट्रे पुसला होता.
सुंदर आहे हे. आधी कधी म्हटलं नव्हतं.

४ मार्च. दुपारी ४.
चूक शिशात नाही. उद्या अकरा वाजता जातो. साधा, खरा प्लॉट. गेल्यावर काय बोलायचं ते पाठ केलं: पंडित, तू बरोबर, मी चुकलो. सहा शब्दसुद्धा नाहीत. निकाल उघडून सहा आठवडे झाले नाहीत तोवर जमतंय, वाईट नाही.

५ मार्च, गुरुवार. सकाळी ९.४०.
प्रिंटर चालू होता. हिचा फोन आला. पंडित सकाळी साडेसहाला गेला.
प्रिंटरमधून तीन प्रती निघाल्या. मी एकच सांगितली होती.

९ मार्च, सोमवार.
लिहिण्यासारखं काही नाही. ऑफिसला गेलो, खुर्चीत बसलो, घरी आलो.

१५ मार्च, रविवार. दुपारी ४.
हिच्याबरोबर वहिनींकडे गेलो. पंडितची खाट अजून खिडकीपाशीच आहे, गादी गुंडाळलेली. वहिनींनी चहा दिला. मी खिशातून प्लॉट काढला. मी उलगडायच्या आधीच वहिनी म्हणाल्या, शिशाचा ना?
आत जाऊन त्या एक कागद घेऊन आल्या. तोच प्लॉट. पोस्टडॉकने चौदा फेब्रुवारीलाच आणून दिला होता.
विचारलं, काय म्हणाला?
वहिनी म्हणाल्या, आधी बराच वेळ बघत बसले. मग डोळे पुसले. मग त्या मुलीला म्हणाले, मी पाहिलाय हे त्याला सांगू नकोस. तो येऊन स्वतः सांगेल. तेवढं मला त्याच्या तोंडून ऐकायचंय.
नंतर रोज सकाळी दाढी करून घ्यायचे, त्या म्हणाल्या. हात चालेनासा झाला तेव्हा मी करायचे. मी विचारायचे, कोण येणार आहे एवढं? म्हणायचे, हवालदार येईल. शेवटची तर आदल्या संध्याकाळीच करायला लावली. म्हणाले, सकाळी वेळ मिळेल न मिळेल.
ही खिडकीबाहेर बघत होती. मी कप खाली ठेवला आणि पाठ केलेलं होतं ते म्हटलं. वहिनी, तो बरोबर होता. मी चुकलो.
वहिनींनी कागदाची नीट घडी घातली.
म्हणाल्या, आता मी ऐकून काय करू, भावजी.