निरोपगीताच्या तेवीस पुनरावृत्तींविषयी

तीर्थस्वरूप भाऊजींच्या चरणी धाकट्या मेहुण्याचे, मनगटास पट्टी बांधलेल्या अवस्थेत जमेल तितके, साष्टांग नमन. आपला गुडघा आणि ताईचा संताप, दोन्ही आटोक्यात असावेत. माझी प्रकृती संगणकासमोर बसण्याइतकी बरी आहे, उठण्याइतकी नाही.

आपल्या निरोपगीताची स्वच्छ प्रत गायकवृंदासाठी संगणकावर उतरविण्याचे पुण्यकर्म, पंधरा वर्षांच्या लेखनिकपणाच्या बळावर, मी स्वीकारले. गीत मुळात मृदू; ओळीओळीला ‘हळू गा’ असे सांगणारे चिन्ह. ते चिन्ह स्वरलेखनाच्या या आज्ञावलीत तिसऱ्या यादीच्या नवव्या कप्प्यात, अगदी तळाशी वास करते. दरवेळी तेथवर माउस नेणे म्हणजे घासागणिक मिठासाठी वाण्याकडे जाऊन येणे. अखेर ‘वारंवार लागणारी चिन्हे’ नामक एक पट्टी गवसली. जे चिन्ह अधिक वापरावे ते आपोआप वर सरकते, आणि त्याच्या क्रमांकाची कळ दाबताच पानावर उमटते. मागील समूहगीतांच्या कृपेने ‘पुन्हा म्हणा’ पहिले होते, ‘हळू गा’ दुसरे. मी कृतार्थ झालो. दोनची कळ पाठ केली आणि दृष्टी आपल्या हस्तलिखितावर (ज्यात सर्व स्वर एकाच गणवेशात वावरतात) खिळविली. इकडे ‘हळू गा’चा वापर वाढताच पट्टीने त्यास प्रथम स्थानी बढती दिली. (काम करणाऱ्यास बढती! आमच्या कचेरीत असा प्रघात नसल्याने मी बेसावध होतो.) दोन क्रमांकावर ‘पुन्हा म्हणा’ येऊन बसले. मग तेही वर गेले, हे खाली आले. उभयता दिवसभर खुर्च्या बदलत राहिले आणि मी श्रद्धेने दोन दाबत राहिलो. प्रत तपासली नाही. माझी चूक कधी निघत नाही, या कीर्तीवर ते काम सोपविले होते.

तालमीत आपले चार मिनिटांचे गीत एकोणीस मिनिटे चालले. ‘हळू’ अर्धेअधिक लुप्त झाल्याने, खणखणीत आवाजात. खर्जात गाणारे दंतवैद्य मध्येच म्हणाले, “अहो, हा माणूस जाणार आहे की नाही? गाडी चुकेल त्याची!” संचालिकाबाई कडाडल्या, “लिहिलंय तसं गा!” गाणे संपल्यावर मात्र त्या बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “असाच असतो हो निरोप. दारापर्यंत जायचं नि परत वळायचं. लिहिणाऱ्याला माणसं कळतात.” एवढ्यावर थांबल्या असत्या तर! परंतु माझ्याकडे वळून विचारत्या झाल्या, “की तुमची चूक आहे ही? असेल तर आत्ताच सांगा. प्रती करायला माझा भाचा तयारच बसलाय.”

मी मौन धारण केले. दमलेल्या माणसाचे मौन गंभीर दिसते, एवढाच वयाचा लाभ.

आपला शिणलेला,
लेखनिक मेहुणा

ता. क. : पुनरावृत्ती ही आपलीच कल्पना, असे दोन ओळींत बाईंना कळवावे. या वयात मला दुसरा वृंद कोण देणार?

पुन्हा ता. क. : वरील तसदी घेऊ नये. रविवारी कार्यक्रमास आलात की सूचनाफलकावर त्याच आशयाचे एक पत्र दिसेल. ते आपण लिहिलेले आहे. ताईला सहीजवळ फार वेळ उभे राहू देऊ नये.