बाबांची रिकामी काडतुसं

लिबी, मोंटाना
१२ ऑक्टोबर

प्रिय आई,

आम्ही दोघं ठीक आहोत. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढत नाहीस ना?

बाबा रोज रिकामी काडतुसं पुन्हा भरायला म्हणून घासतात, त्यांच्या तोंडाची आतली कड हलकेच तासतात, म्हणजे गोळी न खरवडता बसते. हात अजून थरथरत नाही. काल एक तडकलेलं बाजूला टाकत म्हणाले, "हे नको. लोवेलच्या बंदुकीत फुटेल."

लोवेलदादाला जाऊन नऊ वर्षं झाली, हा विषय मी काढलाच नाही. पुढचं काडतूस हातात दिलं. बारुदीचा डबा मात्र गाडीत दडवलाय.

तू इतक्यात येऊ नकोस. जेवताना त्यांनी मला विचारलं, "पोरी, तुझे आईवडील आहेत ना गं?"

"आहेत," म्हटलं आणि बटाटे वाढले.

तुझीच,
इन्ग्रिड